लावायचं सहद

माणसाला जे काही लागतं, खरचटतं, कापतं, भाजतं, पिकतं आणि चिघळतं, त्या सगळ्यावर देवाने एकच औषध करून ठेवलं आहे आणि ते कुठल्या बाटलीत आहे हे फक्त आपल्याला ठाऊक आहे, अशी माझ्या थोरल्या साडभाऊंची पक्की समजूत होती. ते औषध म्हणजे मध. पण मध हा शब्द त्यांना चालत नसे. मध पुण्यामुंबईकडचे लोक पावाला लावून खातात, आपल्या रानात मिळतं ते सहद, आणि सहद हे खायचं नसतंच, लावायचं असतं, असं ते म्हणत. कुणी चुकून खाण्याचा विषय काढलाच तर त्याच्याकडे अशा नजरेने बघत की त्या माणसाने जणू पाहुण्यांना मलम वाढायला सांगितलं आहे.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाचणगावला त्यांची शेती होती. कापूस आणि तूर पेरत, चारचौघांसारखा संसार करत. मी वर्ध्याला एका कचेरीत कारकून आणि राहायला तिथेच जवळ नालवाडीला, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत एकदा एसटीने त्यांच्याकडे चक्कर व्हायची. ऐन तारुण्यात ते वर्ध्याला ग्रामोद्योगाच्या कुठल्याशा शिबिराला गेले होते. बाकीची मंडळी तिथून चरखा, घाणी, हातकागद असं काहीबाही शिकून आली. साडभाऊ मधमाश्यांच्या पेट्या आणि एक वाक्य घेऊन आले. सहद लावलेली जखम सडत नाही, असं तिथल्या कुणा म्हाताऱ्या शिक्षकाने जाता जाता सांगितलं होतं. पेट्यांतल्या माश्या पहिल्याच वैशाखात उडून गेल्या. वाक्य मात्र जन्मभर राहिलं. माश्या गेल्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. "माशीले अक्कल असते साडभाऊ," ते मला सांगत. "तिनं आपला उन्हाळा पाह्यला अन् चालली गेली. आपल्याले तेवढी अक्कल नाई म्हणून आपण हाओत अजून इथं." पेट्या रिकाम्या झाल्यावर ते रानातली मोहोळं काढू लागले. गोवऱ्यांचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचे, घोंगडं पांघरून झाडावर चढायचे आणि सुजलेलं तोंड घेऊन खाली यायचे. त्या सुजलेल्या तोंडावरही अर्थातच सहदच लावायचे.

माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायची त्यांना सवय नव्हती. समोर कुणी आलं की त्यांची नजर आधी कोपरावर, मग गुडघ्यावर, मग पायाच्या बोटांवर जायची. अंगावर कुठे काही नसलं तर त्यांचा चेहरा पडायचा आणि ते नाइलाजाने चहाचं विचारायचे. त्यांची माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. कातडी बूट नवे कोरे होते आणि त्यांनी वरातीतच माझी टाच सोलून काढली होती. मी लंगडत मांडवात शिरलो, आणि गर्दीतून एक उंच, टोपी घातलेला माणूस सरळ माझ्या पायाशी येऊन बसला. त्याने माझा बूट काढला, मोजा काढला, खिशातून चपटी बाटली काढली आणि माझ्या टाचेवर काहीतरी चिकट ओतलं. मुलीकडचा मोठा जावई नवरदेवाच्या पायाशी बसलेला बघून आमच्याकडच्या मंडळींना वाटलं, ही यांच्याकडची कुठली तरी रीत असेल. माझ्या काकांनी घाईघाईने नारळ, दुपट्टा आणि टोपी आणून त्यांच्या हातात दिली. साडभाऊंनाही वाटलं, ही आमच्याकडची रीत असेल, डॉक्टरला मान द्यायची. त्यांनी मोठ्या समाधानाने तो स्वीकारला. मंगलाष्टकं सुरू झाली तोवर मांडवातल्या लाल मुंग्यांना बातमी पोचली होती. आमच्या लग्नाच्या फोटोत मी एका पायावर उभा आहे आणि माझ्या तोंडावर जे भाव आहेत ते बघून आमच्या लग्नाविषयी लोकांचे गैरसमज होतात.

मुंग्या हा त्यांच्या उपचारपद्धतीतला एकमेव दोष होता आणि तो त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केला होता. उपाय साधा होता. ज्याला पट्टी बांधली त्याच्या खाटेचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवायचे, म्हणजे मुंगी वर चढत नाही. रोगी खाटेवरून उतरला की मात्र त्याचं नशीब. त्यामुळे साडभाऊंनी ज्याचा इलाज केला तो दिवसभर खाटेवरच असायचा, आणि आराम मिळाल्यामुळे बरा व्हायचा. गावातल्या बायका त्यांच्यावर वैतागलेल्या असायच्या, कारण घरात कुणाचं बोट कापलं की स्वयंपाकघरातल्या वाट्या खाटेखाली जायच्या आणि वरण ताटातच वाहायचं. स्वतः साडभाऊंच्या घरी कपाट, मांडणी, खाटा, सगळंच पाण्यात उभं होतं. पाहुणा रात्री उठला की कुठल्या ना कुठल्या वाटीत पाय घालायचाच. तो घसरून पडला तर साडभाऊ जागेच असायचे.

एकाच बाटलीने भागेल असं हे औषध नव्हतं. पळसाच्या फुलांवरचं सहद भाजल्यावर, कडुनिंबाचं गळवांवर, बोरीचं खरचटण्यावर, करडीचं कापल्यावर आणि तुरीच्या फुलोऱ्यातलं 'पायाच्या वरच्या भागाले', असे त्यांचे विभाग होते. माशीने नेमक्या कुठल्या फुलावर बसून ते जमवलं हे तुम्हाला कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. "ते मोहोळच तं त्या झाडावर होतं," ते म्हणाले. मी म्हणालो, माशी झाडावर राहते, फिरते कुठेही. त्यावर ते म्हणाले, "तुमी वर्ध्याले राह्यता, नोकरी बी वर्ध्यालेच करता. मंग माशीनंच काऊन दूर जावं?"

पुलगावच्या डॉक्टरशी त्यांचं वैर होतं, आणि ते वैर लाल औषधावरून होतं. तो डॉक्टर भला माणूस होता. कुठल्याही जखमेवर लाल औषध लावायचा, वर पांढरी पूड टाकायचा, टोचायचा आणि घरी पाठवायचा. साडभाऊ बाजाराच्या दिवशी त्याच्या दवाखान्यासमोरच्या ओट्यावर ठाण मांडून बसायचे आणि बाहेर पडणाऱ्या माणसाला म्हणायचे, "रंगवून घेतलं ना? पोळ्याच्या बैलाले बी असंच रंगवतात. आता इकडं ये, दवाई लावून देतो." लोक भिडस्त. डॉक्टरचं लाल औषध असू द्यायचे, त्यावर साडभाऊंचं सहद लावून घ्यायचे, दोन्हीकडे मान हलवायचे आणि कशाने बरं वाटलं हे कुणालाच सांगायचे नाहीत.

बाजारातच त्यांचं दुसरं मोठं काम असे, नकली सहद पकडणं. फिरते विक्रेते बादलीत गुळाचा पाक आणायचे, वर मोहोळाचा एक तुकडा आणि दोन-चार मेलेल्या माश्या तरंगत ठेवायचे आणि ओरडत फिरायचे. साडभाऊ त्यांच्यासमोर पाण्याचा पेला, काडेपेटी आणि कापसाची वात घेऊन हजर व्हायचे. थेंब पाण्यात टाकून बघायचे, वात बुडवून पेटवायचे. एकदा कुणीतरी त्यांना सांगितलं की खऱ्या सहदाला कुत्रं तोंड लावत नाही. झालं, ते पुढच्या बाजाराला एक कुत्रं घेऊन गेले. कुत्र्याने विक्रेत्याची अर्धी बादली चाटून पुसून साफ केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो विक्रेताही बेरका होता. त्याने साडभाऊंच्या खिशातली बाटली मागितली आणि कुत्र्यापुढे केली. कुत्र्याने तीही त्याच आवडीने चाटली. साडभाऊ क्षणभर कुत्र्याकडे बघत राहिले, मग जमलेल्या लोकांना म्हणाले, "या कुत्र्याची बुद्धी भ्रष्ट झाली. लग्नसराईत यानं लय बुंदी खाल्ली." त्यानंतर कुत्र्याची परीक्षा त्यांनी कायमची बाद केली.

आता खरी गंमत सांगतो. या माणसाने स्वतः कित्येक वर्षांत सहदाचा थेंब चाखला नव्हता. चाळिशीतच त्यांना साखरेची बिमारी लागली होती, आणि गोड बंद म्हणजे बंद असं डॉक्टरने बजावलं होतं. लाल औषध न मानणारा हा माणूस एवढी एक गोष्ट मात्र तंतोतंत पाळायचा. मोहोळ पिळताना बोटाला लागलेलंही ते चाटत नसत, धोतराला पुसत. नाक तपकिरीने केव्हाच निकामी झालेलं. म्हणजे चव नाही, वास नाही, आणि राहता राहिल्या त्या पाण्याच्या नि वातीच्या परीक्षा. त्या ते साऱ्या बाजाराच्या घेत, घरच्या बाटलीची कधीच नाही. घरच्या सहदाची परीक्षा घ्यायची म्हणजे घरच्या माणसावर शंका घ्यायची, असं त्यांना वाटे. आणि घरचं माणूस म्हणजे आमच्या ताई, माझी मोठी मेहुणी.

ताईंचा स्वभाव देता हात. शेजारी कुणाला खोकला झाला, कुणाकडे सत्यनारायण असला, कुणाची माहेरवाशीण आली, की बायका वाटी घेऊन मागच्या दाराने यायच्या. पंचामृताला मध हवाच, आणि गावात तो असायचा एकाच घरी. साडभाऊंना विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दवाई काय देवाले खाऊ घालता? देवाले जखम झाली का?" म्हणून ताई विचारतच नसत. हव्या त्या बाटलीतून वाटीभर काढून देत आणि बाटलीतली पातळी खाली गेलेली दिसू नये म्हणून तेवढाच गुळाचा पाक वर ओतत. रंग जुळावा म्हणून पाकात चहाचं पाणी टाकायची युक्ती माझ्या बायकोने सुचवली होती, असं ती अजून अभिमानाने सांगते. काही वर्षांत अशी स्थिती आली की करडीचं, बोरीचं, कडुनिंबाचं, सगळ्या बाटल्यांतून एकच नाचणगावच्या किराणा दुकानातला गूळ नांदत होता. हे साऱ्या गावाला माहीत होतं. भटजींना माहीत होतं. ज्यांच्या बोटाला पट्टी असायची त्यांनाही माहीत होतं. ज्याच्याकडे पूजेत सहद चाटलं त्याच्याच पायाला आठवड्याने गूळ बांधला जायचा आणि तो साडभाऊंसमोर गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "थंडक पडली भाऊ." बारीकसारीक जखमा तशाही आपल्या आपण बऱ्या होतात. त्या व्हायच्या, आणि साडभाऊंची कीर्ती वाढायची. कुणाचं काही बिघडत नव्हतं म्हणून कुणी काही बोलत नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट असेल. कापसाची पऱ्हाटी कापून झाली होती आणि साडभाऊ वावरात अनवाणी फिरत होते. कापलेल्या पऱ्हाटीचा खुंट त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात घुसला. साखरेच्या बिमारीने त्यांच्या पायांची जाणीव गेलेली, त्यामुळे त्यांना ते कळलंसुद्धा नाही. घरी आल्यावर ताईंना ओसरीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा शोध लागला. साडभाऊंना अगदी आनंद झाला म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमांवर समाधान मानलेल्या माणसाला आता घरचीच जखम मिळाली होती. त्यांनी सगळ्यात जुनी, सगळ्यात जपलेली बाटली उघडली आणि ताईंना पट्टी बांधायला सांगितलं.

अंगठा सुजला, मग त्याचा रंग बदलला, मग तो काळा पडायला लागला. ताईंनी पुलगावच्या डॉक्टरला घरी बोलावून आणलं. एवढ्या वर्षांचं वैर बाजूला ठेवून तो आला, पाय बघितला आणि लाल औषधाची बाटली काढलीसुद्धा नाही. "वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात जा," तो म्हणाला. "आज गेलात तर अंगठ्यावर भागेल. बसून राहिलात तर पाय जाईल, आणि त्याच्याही पुढे काय जाईल ते मी सांगत नाही." साडभाऊ त्याला म्हणाले, "सहदाले टाइम द्या लागते डाक्टरसाहेब. घाईचं काम तुमचं." ताईंनी त्याच दिवशी मला निरोप धाडला.

मी पोचलो तेव्हा ते खाटेवर तक्क्याला टेकून बसले होते. खाटेचे पाय वाट्यांत होते, तरी कुठून कोण जाणे मुंग्यांची एक रांग पट्टीपर्यंत गेली होती. खोलीत वास येत होता. त्यांच्याशी दोन शब्द बोललो तेवढ्यात ताईंनी मला मागे गोठ्याकडे बोलावलं. पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या बाटलीत सहद नाई."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"तुमाले माहीत हाये, गावाले माहीत हाये. याईलेच माहीत नाई. रोज सकाळी म्या गुळाचं पाणी बांधून राह्यली त्या पायाले, अन् हे मले म्हणतात, आज थोडा फरक वाटते. सांगतलं तं एवढ्या वर्साची मी चोर ठरते. नाई सांगतलं तं पाय जाते. सहदावर भरोसा हाये तोवर हे दवाखान्यात येत नाईत. तुमी सांगा ना. तुमी शिकलेले हा."

मी आत गेलो आणि आडवळणाने सुरुवात केली. म्हणालो, हल्ली भेसळ फार वाढली आहे. साडभाऊंचे डोळे चमकले. त्यांनी मला भेसळीवर इतकं सविस्तर ऐकवलं की मध्ये तोंड घालायला जागा मिळेना. मी म्हणालो, घरच्या वस्तूंचाही हल्ली भरवसा नाही. ते म्हणाले, "म्हणून तं सांगतो, बाहेरचं घेऊच नका. माह्याकडून घेऊन जात जा." कचेरीत मोठमोठे साहेब मी शब्दांनी गुंडाळले आहेत, पण तिथे मी खाटेखालच्या वाट्या मोजत बसलो.

ताई दारातच उभ्या होत्या. त्या आत आल्या, खिडकीतली बाटली उचलली, बूच काढलं, करंगळी बुडवली आणि त्यांच्यासमोर चाटली. "गूळ हाये," त्या म्हणाल्या. "म्या टाकला. असली होतं ते पूजेले गेलं."

साडभाऊंनी ती बाटली आपल्या हातात घेतली. मग त्यांनी विचारलं, "कोणत्या पूजेले?"

"शेजारच्याच्या वास्तूले."

"अन् बाकीच्या बाटल्या?"

ताई हातातल्या बुचाकडे बघत राहिल्या. साडभाऊंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मुंग्यांच्या रांगेकडे बघत होतो. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं. "पट्टी सोड," ते ताईंना म्हणाले. ताईंनी पट्टी सोडली. इतके दिवस त्या अंगठ्याकडे ते वैद्याच्या नजरेने बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी तो आपला अंगठा म्हणून पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "चाल," ते म्हणाले. "वर्ध्याले जाऊ."

एसटीत ते दोघं माझ्या पुढच्या बाकावर बसले. पाय गाठोड्यावर ठेवला होता. पुलगाव सुटलं. मग साडभाऊंनी खिडकीबाहेर बघतच विचारलं, "सुताराच्या बोटाले लावलंतं, ते?"

"असली होतं," ताई म्हणाल्या.

"अन् खाटेवर पडून पडून त्या बुढीच्या पाठीले फोड आलते, तिले?"

"तिले बी असलीच."

"साडभाऊच्या लग्नात?"

"ते तं असलीच होतं. तवा बाटलीले हात लावाची हिंमत नोती मले."

असं देवळी येईपर्यंत चाललं. त्यांना आपला एकेक रोगी आठवत होता आणि ताई प्रत्येकाला असली, असली म्हणत होत्या. मी मागे बसून ऐकत होतो. सुताराच्या बोटाला गूळ लागला होता हे मला माझ्या बायकोने त्याच वेळी हसत सांगितलं होतं. म्हातारीच्या पाठीचंही मला ठाऊक होतं. माझं लग्न सोडलं तर त्या प्रवासात ताई फारसं काही खरं बोलल्या असतील असं मला वाटत नाही. देवळी मागे पडल्यावर साडभाऊंनी पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे फक्त मलेच गूळ लागला."

ताईंनी मान डोलावली.

"मंग बरं झालं," साडभाऊ म्हणाले. "दुसऱ्या कोणाले लागला असता तं तोंड दाखवाले जागा नोती." आणि त्यांनी मागे मान टेकून डोळे मिटले. त्या माणसाची मी जन्मभर टिंगल केली, पण त्या बाकामागे बसून मला रडू आलं हे खरं आहे.

मोठ्या दवाखान्यात अंगठा काढावा लागला. पाय वाचला. पाय बघणारी डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला मोकळी. मी तिला साडभाऊंचा इतिहास सांगितला तेव्हा ती हसली नाही. साडभाऊंना म्हणाली, "काका, तुमचं अगदीच चूक नाही. स्वच्छ, चांगला मध असेल तर जखमेला त्याचा उपयोग होतो, आम्हीही मानतो. पण आधी सडलेलं काढावं लागतं आणि रक्तातली साखर खाली आणावी लागते. ते मधाने होत नाही. आता जखम स्वच्छ आहे. तुमच्याकडचा चांगला मध असेल तर आणा, मी बघते." ज्या शब्दांची त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली असेल ते शब्द एका शिकलेल्या डॉक्टरच्या तोंडून आले होते. मला वाटलं, आता हे खाटेवर उठून बसतील आणि पळसापासून सुरुवात करतील. साडभाऊ म्हणाले, "राहू द्या बाई. तुमचं चालू द्या." आणि कूस वळवून पडून राहिले. ताई खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या, त्यांनी खाली मान घातली.

घरी आल्यावर ते काठी घेऊन चालायला शिकले, पण सहदाचं नाव काढेनात. कुणी बोट कापून घेऊन आलं तर म्हणत, "दवाखान्यात जा." सल्ला चांगलाच होता, पण लोकांना तो पचेना. पुलगावचा डॉक्टर एकदा मला रस्त्यात अडवून म्हणाला, समोरचा ओटा रिकामा बघवत नाही हो. ताईंनी सगळ्या बाटल्या घासून धुतल्या, आणि त्यांतल्या एकीत राकेल भरलं तरी साडभाऊंनी हूं की चूं केलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे ते आता माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायला लागले. मी गेलो की माझी, माझ्या मुलांची, कचेरीची नीट चौकशी करत, आणि मला ते कुणी परकेच गृहस्थ वाटत. ताईंशी भांडले नाहीत, कधी बोललेच नाहीत त्या विषयावर. चहा ठेवला की घेत, जेवायला वाढलं की जेवत. ताई मला म्हणाल्या, "शिव्या देल्ल्या असत्या तं बरं वाटलं असतं." त्या वर्षी विहिरीजवळच्या निंबावर मोहोळ आपलं आपण येऊन बसलं होतं. पाय अधू झाल्यामुळे स्वतः चढता येईना, तेव्हा साडभाऊंनी खाली बसून गड्याकडून ते काढवून घेतलं, पिळलं, एक बाटली भरली आणि फळीवर ठेवून दिली. कशाचं सहद, कशावर लावायचं, काही सांगितलं नाही.

आता दोघंही नाहीत. मला आठवते ती त्या वर्षीची दिवाळी. आम्ही सगळे नाचणगावला गेलो होतो. साडभाऊ ओसरीवर बसून तुरीच्या डाळीतले खडे वेचत होते, मी पेपर वाचत होतो, आणि आत ताई नि माझी बायको चकल्या तळत होत्या. ताई बाहेर आल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. मनगट पुढे केलं. "तेल उडालं," त्या म्हणाल्या.

"पाण्यात धर," साडभाऊ म्हणाले.

"धरला."

"मंग दवाखान्यात जा."

"एवढ्याले कोण जाते दवाखान्यात? लावून द्या."

एवढ्या वर्षांच्या संसारात ताईंनी स्वतःच्या अंगाला ते सहद कधी लावून घेतलं नव्हतं. चुलीवर भाजलं तर पीठ लावत, विळीने कापलं तर हळद भरत, आणि साडभाऊ बाटली घेऊन मागे लागले की हसून पळून जात. साडभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग त्यांची नजर हळूहळू मनगटावर आली. काठी टेकत ते उठले. फळीवरची बाटली घेऊन आले, ती उजेडात धरली, बूच काढलं. आणि बाटली ताईंच्या पुढे करून म्हणाले, "चाखून पाह्य."

ताईंनी बोट बुडवून चाखलं.

"असली हाये?"

"असली हाये," ताई म्हणाल्या.

साडभाऊंनी एवढंसं सहद बोटावर घेतलं आणि त्यांच्या मनगटावर लावायला लागले. भाजल्याचा डाग अगदी लहान होता, नुसतं सोडून दिलं असतं तरी दोन दिवसांत गेला असता. पण ताई डोळे मिटून मनगट पुढे धरून बसल्या होत्या, आणि ते फुंकर घालत घालत लावत होते. माझी बायको दारात येऊन उभी राहिली होती. आत कढईत चकल्यांचा घाणा करपत होता, आणि तो काढायला आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.